शेजारची झडप

केशरीचंद शेठ एक्स्चेंजच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच विमलला कळलं की हा माणूस नंबर मागायला आलेला नाही. नंबर मागायला कोणी पायी येतं का? तेवढ्यासाठी तर लोक घरात फोन घेतात. शेठनी चपला काढल्या नाहीत, आत पाऊलही टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी खोलीभर नजर फिरवली. बोर्ड पाहिला, बोर्डासमोरचं उंच स्टूल पाहिलं, खिडकीतला पाण्याचा तांब्याही सोडला नाही. शेवटी ती नजर विमलच्या कानावरच्या यंत्रावर येऊन थांबली.

"माह्या फोनात तिसरा मानूस श्वास घेते," शेठ म्हणाले. "मी बोलतो, अकोल्याचा बोलते, अन् तिसरा आयकते. तो तिसरा इथं बसते."

मग दारातूनच त्यांनी सगळी हकिकत ऐकवली. शिरपुरात धान्याचे मोठे व्यापारी दोनच, एक ते आणि दुसरे जिनदास शेठ. दोघंही शेतकऱ्यांचा मूग-उडीद घेऊन अकोल्याच्या दाळमिलांना पाठवत. दुपारी अकोल्याहून फोनवर भाव यायचा आणि त्यावर दुसऱ्या सकाळच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, कुठवर चढायचं ते ठरायचं. पण दसऱ्यापासून काय झालं होतं कोण जाणे, केशरीचंद जिथं थांबायचं ठरवत, तिथून केसभर वर जिनदासची बोली यायची. बरं, बोलताना मधूनच खडखड ऐकू येते, ती बोर्डावरची किल्ली उघडल्याचीच असणार, असं त्यांचं म्हणणं. वाशिमला तक्रार गेली आहे, तिथले टेलिफोनचे साहेब पुढच्या आठवड्यात येऊन चौकशी करणार आहेत, हे सांगून ते निघाले. जाताजाता म्हणाले, "तुह्या बापाकडं पाहून एवढे दिस गप होतो."

विमल ही किन्हीराजाच्या बबनरावांची मुलगी. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवऱ्यानं माहेरी आणून सोडली ती सोडलीच. बापानं ठेवून घेतलं, पण ताटावर बसली की घरात कोणीतरी उसासा टाकायचंच. मॅट्रिक झाली होती म्हणून हे एक्स्चेंजचं काम मिळालं, तेही हंगामी. पक्क्या नोकरीचा हुकूम येईन येईन करत होता. त्यात ही तक्रार. या स्टुलावरून तिला उठवलं तर पुढं बसायला जागा नव्हती, आणि पंचक्रोशीत नाव झालं असतं ते चोरून ऐकणारी बाई म्हणून. नवऱ्यानं टाकलेल्या बाईबद्दल लोकांना असं काहीतरी हवंच असतं.

ज्यांनी तो जमाना पाहिला नाही त्यांना बोर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. तेव्हा फोनला आकडे फिरवायची चकती नव्हती, नुसतं हँडल होतं. घरी हँडल फिरवलं की एक्स्चेंजच्या बोर्डावर त्या घराची बारीक पितळी झडप टपकन पडायची. विमलनं ती अंगठ्यानं वर लोटायची, खालच्या भोकात दोरीची खुट्टी घालायची आणि विचारायचं, कोण पाहिजे. मग दुसरी खुट्टी दुसऱ्या भोकात, घंटी द्यायची, तिकडून उचललं की नाव सांगायचं आणि आपली किल्ली बंद करायची. किल्ली बंद म्हणजे कान बंद. पुढं ते दोघं काय बोलतात ते त्यांचं त्यांना माहीत.

हे सगळं तिला शिकवलं हेमसिंगभाऊंनी. जवळच्या तांड्यावरचा हा लाइनमन, मिशा पिकलेला. सकाळी बोर्डावर बसायचा आणि दुपारी विमल आली की पक्कड घेऊन खांबांवर. रोज सकाळी सगळ्या लाइनी एकेकदा तपासायच्या, बॅटरीतलं पाणी पाहायचं, खुट्ट्या फडक्यानं पुसायच्या, वीज कडाडली की यंत्र कानावरून काढायचं, अशी त्यानं एकेक गोष्ट घोटून घेतली. किल्ली उघडी ठेवली की नोकरी गेलीच समज, हे तर रोजचंच. आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं आणखी एक सांगून ठेवलं होतं. खालच्या रांगेतल्या झडपा ढिल्या झाल्यात, दार आपटलं तरी पडतात, एक पडली की शेजारची पडते. अंगठ्यानं वर लोटायची अन् पुढं चालायचं, तिच्या नादी लागायचं नाही. विमलनं हेही नीट ध्यानात ठेवलं. फार नीट ठेवलं, तिथंच घात झाला.

शेठची तक्रार गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? विहिरीवर विमल गेली की बाया बोलता बोलता थांबायच्या आणि एकदम भाजीचं विचारायला लागायच्या. किराणा दुकानदार तर पुडी बांधताना हसून म्हणाला, आता आमच्या घरचंही सगळं तुमाले ठाऊक असन. पण खरा घाव घातला तो सोजरबाई आत्यानं, जिच्याकडे ती नोकरीसाठी शिरपुरात राहत होती. भाकरी वाढताना आत्या हळूच म्हणाली, "आयकलं असन एखांद्या वेळेस तर सांग मले. मी काई म्हननार नाई." जिनं विचारू नये तिनंच विचारलं होतं.

आपण ऐकलेलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मग ऐकलं कोणी? त्या खोलीत आणखी वावरायचा तो एकच माणूस.

असला विचार एकदा डोक्यात शिरला की तो स्वतःचं खाणं स्वतःच शोधतो. हेमसिंगभाऊ दुपारी काम सोपवून लगेच जायचा नाही, तिच्यामागं उभा राहून विडी ओढायचा. काहून? अकोल्याच्या फोनाची वेळ नेमकी तीच कशी? जिनदास शेठच्या ओट्यावर बसून तो चहा प्यायचा, तो फुकटचा चहा कशाचा? विमलला एकेक गोष्ट आठवत गेली आणि प्रत्येकीत काळंबेरं दिसत गेलं. हाताला धरून काम शिकवणाऱ्या माणसावर आपण असा संशय घेतो याची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की संशय परत वर यायचा.

त्यातच एका दुपारी जिनदास शेठ आले. हे गोड बोलणारे. चपला काढून आत आले, जय जिनेंद्र म्हणाले आणि हात जोडूनच म्हणाले की बाई, माझा सौदा केशरीचंदला आधीच कसा कळतो तेवढं सांगा. मी अकोल्याला ज्या मिलला माल कबूल करतो, तिथं याचा माणूस माझ्या आधी हजर. मीही वाशिमला लिहिलंय, राग मानू नका.

विमल चक्रावली. म्हणजे इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं! मग तिला आठवलं, हेमसिंगभाऊ केशरीचंदच्या ओट्यावरही चहा पितो. दोन्हीकडं विकतोय की काय हा माणूस? त्या दिवसापासून तिनं स्टूल तिरपं करून घेतलं, पाठीमागं कोण आहे ते दिसावं म्हणून. घरी जाताना कानावरचं यंत्र काढून ती पिशवीत घालून न्यायला लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आणून द्यायला लागली. हेमसिंगनं पाहिलं. तेव्हापासून तो विडी ओढायला बाहेर निंबाखाली जाऊन बसू लागला.

मग हेमसिंगच्या पुतणीच्या सोयरिकीची बोलणी निघाली. तो रजा टाकून तांड्यावर गेला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोर्डावर विमल एकटी. दाराला आतून कडी. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. आणि तरीही केशरीचंदचा निरोप आला की कालचंही बोलणं फुटलं, आणि मागोमाग जिनदासचाही आला. विमलनं डोक्याला हात लावला. हेमसिंगभाऊ सुटला. मग उरलं कोण? उरली ती एकटी. तिला आता आपल्याच हाताचा भरवसा वाटेना. फोन जोडून झाला की ती किल्लीच्या फटीत कागदाची घडी खोचू लागली, चुकूनही उघडी राहू नये म्हणून.

त्याच दुपारी केशरीचंदची झडप पडली. पाठोपाठ जिनदासची पडली. विमलचा अंगठा सवयीनं जिनदासची झडप वर लोटायला गेला आणि अर्ध्यात थांबला.

ढिली होती ती खालची रांग. या दोन झडपा होत्या वरच्या रांगेत.

आधी तिनं केशरीचंदचा फोन रीतसर जोडून दिला. तो संपला तशी ती उठली, कडी काढली आणि दार धाडकन आपटलं. खालच्या रांगेतल्या झडपा भराभर पडल्या. वरची रांग जागची हलली नाही. तिनं पुन्हा आपटलं. समोरच्या पानठेल्यावरची माणसं माना लांब करून पाहू लागली, पोरीचं डोकं फिरलं बहुतेक. विमलला त्यांची पर्वा नव्हती. दसऱ्यापासून या दोन झडपा जोडीनं पडत होत्या, आणि ती रोज मुकाट्यानं दुसरी वर लोटून देत होती.

दुसऱ्या दिवशी हेमसिंग परतला. विमलनं त्याला झडपांचं सांगितलं आणि मान खाली घालून हेही सांगितलं की भाऊ, मी तुमच्यावर संशय घेतला होता.

"मले समजलं होतं," हेमसिंग म्हणाला. "तू यंत्र पिशवीत नेऊन राह्यली होती तवाच. पन तुले तरी दुसरं कोन दिसनार होतं?" एवढंच बोलून त्यानं पक्कड उचलली. बोर्डावर येणारे फोन बंद ठेवायची परवानगी वरच्या एक्स्चेंजकडून घेतली आणि दोघं मालेगावच्या रस्त्याला लागले.

दोन्ही शेठची दुकानं गावाबाहेर याच रस्त्यावर होती, खाली दुकान आणि वर घर. त्यांच्या लाइनी एकाच खांबांवरून गेलेल्या, दोन तारा याच्या आणि दोन तारा त्याच्या, दोघांची एकेक वर आणि एकेक खाली. गाव मागं पडलं आणि उकंडरावांचं ज्वारीचं वावर आलं. कणसं दुधात आलेली, पोपटांचे थवे. वावराच्या मधोमध मचाण, मचाणावर उकंडराव. आणि मचाणापासून दोन तारा निघाल्या होत्या, त्यांना तेलाचे रिकामे डबे लटकवलेले, आणि त्यांची टोकं थेट टेलिफोनच्या खांबावरच्या तारांना नेऊन गुंडाळलेली.

उकंडरावांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट ते खुशीत खाली उतरले. बांबू रोवला की दोन दिवसात वाकतो, हा लोखंडी खांब सरकारनं आयताच धुऱ्यावर, वावराच्या कडेलाच आणून रोवला, तर वापरू नाही का? वरच्या डब्यांची तार त्यांनी वरच्या तारांना वेढा देऊन बांधली होती, खालच्या डब्यांची खालच्या तारांना, निसटू नये म्हणून चांगली आवळून. कसं चालतं ते दाखवायला त्यांनी तार ओढली. डबे खडखडले आणि पोपट उडाले. केशरीचंदला फोनात ऐकू येणारी खडखड हीच.

"घ्या! दोन्ही लाइनी एक करून ठेवल्या बुढ्यानं," हेमसिंग कपाळाला हात लावून म्हणाला आणि खांबावर चढायला लागला.

विमलनं त्याचा सदरा मागून धरला. "थांबा भाऊ. कापू नका."

तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. दोन लाइनी एक झाल्या, म्हणजे एकाला दिलेली घंटी दोघांच्याही घरी वाजत होती. दोघंही उचलत असणार. आणि उचलल्यावर ती आधी नाव सांगायची, हमेशा, केशरीचंद शेठ, अकोला बोला. दुसऱ्याचं नाव ऐकल्यावर भल्या माणसानं फोन खाली ठेवायचा. निदान एकदा तरी विचारायचं की बाई, माझी घंटी उगाच काहून वाजते? दसऱ्यापासून दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. एकमेकांचं चोरून ऐकत होते, आणि आपलं फुटलं की बोट दाखवायला ही होतीच. आज तार कापली तर उद्या साहेबांपुढं काय उरणार? तिचा एकटीचा शब्द, आणि तो कोण मानणार?

हेमसिंगनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो खाली उतरला. उकंडरावांना म्हणाला, साहेब येईपर्यंत हाका पाखरं.

साहेब आले ते दुपारचे. दोन्ही शेठ आधीच हजर, खुर्च्या एकमेकांपासून लांब ओढून बसलेले. दारात गाव गोळा झालं होतं. साहेबांनी कडक आवाजात दोन्ही तक्रारी वाचल्या आणि विमलला विचारलं, काय म्हणणं आहे.

"साहेब, यंत्र तुमी कानावर घ्या," विमल म्हणाली. "घंटी मी देते. पह्यले केशरीचंद शेठच्या घरी."

केशरीचंद तिथंच बसले होते, त्यामुळे घरी उचलणार त्यांची बायको पानाबाई. विमलनं घंटी दिली. साहेबांच्या कानात टक आवाज झाला, आणि लगेच दुसरा टक. केशरीचंद शेठचं घर का, असं साहेबांनी विचारलं. बाईचा आवाज आला, हो. साहेब कान देऊन ऐकत राहिले, लाइनवर आणखी कोणाचा तरी श्वास होता. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. विमलनं कागदावर दोन शब्द लिहून पुढं सरकवले होते. ते वाचून साहेब एकदम फोनात म्हणाले, "अन् जिनदास शेठच्या दुकानातून कोण ऐकतंय?"

तिकडून झटकन जे उत्तर आलं ते साहेबांनी खोलीत मोठ्यानं सांगितलं.

"म्हणतो, कोणी नाही साहेब."

दारातली माणसं पोट धरून हसायला लागली. तो जिनदासचा मुनीम होता. जिनदास शेठ खाली फरशी पाहू लागले. केशरीचंद तर खुर्चीतून उठलेच, पाहा, मी म्हणत नव्हतो का, चोर सापडला! विमलनं त्यांना बोलून घेऊ दिलं. मग म्हणाली, "आता जिनदास शेठले घंटी देते."

केशरीचंद अजून उभेच होते. काय होणार ते त्यांना एकदम कळलं असावं, कारण ते म्हणाले की आता कशाला, झालं की काम. साहेबांनी हातानंच त्यांना बसायला सांगितलं. पुन्हा टक, आणि पुन्हा दुसरा टक. मुनिमानं भीत भीत आपलं नाव सांगितलं. त्याच्यामागं कुठंतरी बांगड्या किणकिणल्या. मधूनच डब्यांची खडखड झाली. साहेबांनी विचारलं, आणखी कोण आहे फोनवर?

आता पानाबाईंचं सगळ्या शिरपुराला माहीत होतं. चातुर्मासात त्यांचा नेम असे, खोटं बोलायचं नाही. शेठच्या धंद्याला हा नेम फार अडचणीचा म्हणून चार महिने शेठ त्यांना गिऱ्हाइकासमोर येऊच देत नसत. आणि चातुर्मास अजून संपला नव्हता.

साहेबांनी यंत्र कानावरून जरा दूर धरलं. खोलीत चिडीचूप. पानाबाईंचा बारीक आवाज दारापर्यंत गेला.

"मी पानाबाई, केशरीचंदच्या घरून. शेठनं सांगून ठेवलं हाये, जिनदासचं नाव आलं का फोन ठेवाचा नाई. बोलाचं नाई, आयकून ठेवाचं. मले हे पटत नाई साहेब, पन घरात राहा लागते."

कोणी हसलं नाही. केशरीचंद खुर्चीत बसले होते, त्यांचं उपरणं खांद्यावरून घसरून खाली पडलं तरी त्यांना कळलं नाही. साहेबांनी हेमसिंगला तार कापायला पाठवलं, आणि इतके दिवस लाइन पायी फिरून पाहिली नाही म्हणून त्यालाही चार शब्द सुनावले, ते रास्तच होते. दोन्ही शेठनी एकमेकांकडे न पाहता तक्रारी मागे घेतल्या. चुकलं, हा एवढासा शब्द दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. केशरीचंद जाताना म्हणाले ते हेच, तारा नीट ठेवत जा. विमलच्या मनात आलं, खिडकीतला तांब्या उचलून मारावा. मारला नाही. त्या रात्री आत्यानं न विचारता तिच्या ताटात तुपाची धार जरा जास्त धरली, आणि तिला रडू आलं.

नोकरी पक्की झाल्याचा हुकूम थंडीत आला. त्याआधी दोन्ही दुकानांतून एक्स्चेंजला फोन आले होते, वेगवेगळे. आमचा फोन बिघडला का हो, पहिल्यासारखा वाजत नाही. विमलनं दोघांनाही सांगितलं, आताच तो दुरुस्त झाला आहे.

हुकूम आला त्या दुपारी केशरीचंदच्या घरची झडप पडली. विमलनं खुट्टी घातली, विचारलं, कोण पाहिजे.

"नंबर नाई लागत माय," पानाबाई म्हणाल्या. "तुलेच फोन केला. आमच्या घरानं तुह्यावर आळ घेतला. घरातलं दुसरं कोनी म्हननार नाई, म्हनून मी म्हनतो. क्षमा कर मले."

इतके महिने विमलला हेच ऐकायचं होतं. मी कधीच केली, असं ती म्हणणार होती. पण म्हणायच्या आधी तिची नजर आपसूक शेजारच्या, जिनदासच्या झडपेकडे गेली. झडप जागेवर होती. तरी विमलनं तिच्यावर अंगठा ठेवून पाहिला, आणि मग बोलली.